विवरणपत्र लिहिणारा आणि सही करणारा

व्यवहारातील पुष्कळशी कामे मनुष्य मोबदला देऊन दुसऱ्याकडून करून घेतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. घर बांधावयाचे तर गवंडी बोलवावा, खरेदीखत करावयाचे तर दस्तलेखकाकडे जावे, प्रकृती बिघडली तर वैद्याचा सल्ला घ्यावा, हा जगाचा रिवाजच आहे. आयकराचे विवरणपत्र भरण्याचे कामही ह्याच जातीचे होय. कायद्याची कलमे, वजावटींच्या मर्यादा आणि दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर होणारे फेरफार ध्यानात ठेवणे नोकरदार गृहस्थास कठीण जाते. म्हणून तो जाणत्या माणसाकडे जातो. येथवर सर्व ठीक आहे. परंतु दस्तलेखकाने खरेदीखत कितीही सुवाच्य अक्षरात लिहिले, तरी खाली सही लागते ती लिहून देणाराची. त्याचप्रमाणे विवरणपत्र कोणीही भरले, तरी त्यातील मजकुराबद्दल सरकारास जाब देणारा मनुष्य एकच असतो, आणि तो म्हणजे करदाता. ह्या साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळे अलीकडे हजारो कुटुंबांना भुर्दंड सोसावा लागला आहे. म्हणून ह्या विषयाचा थोडा तपशीलवार विचार करणे अवश्य झाले आहे.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, खेड आणि चिपळूण ह्यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गाच्या काठी लोटे हे गाव आहे. परशुरामाच्या घाटापासून जवळच असलेल्या ह्या गावाच्या आसमंतात लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत उभी असून तेथे मुख्यत्वेकरून रासायनिक कारखाने आहेत. ज्या खेड्यापाड्यांतून पूर्वी तरुण मंडळी मुंबईच्या गिरण्यांकडे जात, त्याच खेड्यापाड्यांतील काही मंडळी आज पाळीच्या भोंग्यावर ह्या कारखान्यांत जाताना दिसतात. पगार बँकेत जमा होतो, करकपात कारखान्यातच होते, आणि जून महिन्यात फॉर्म १६ ह्या नावाने सर्वांच्या तोंडी असलेला दाखला हातात पडतो. पगारदारांनी विवरणपत्र भरावयाची मुदत सामान्यतः ३१ जुलैची. कोकणात हे दिवस म्हणजे भातलावणीचे. एकीकडे कारखान्याची पाळी, दुसरीकडे चिखलणीची आणि लावणीची घाई, आणि वरून संततधार पाऊस! अशा वेळी कोणी सांगितले की, ‘दाखला द्या, पाचशे रुपये द्या, बाकीचे मी पाहून घेतो’, तर थकलेल्या माणसास तो आधारच वाटतो. लोट्यास जे घडते तेच पुण्यास, नाशकास आणि ठाण्यास घडते. फक्त लावणीच्या जागी दुसरी कसली तरी घाई असते.

पैसे मोजून काम सोपविले म्हणजे त्याबरोबर जबाबदारीही सोपविली, असा कित्येकांचा प्रामाणिक समज असतो. ‘चूक झाली तर तो जाणे’ हे वाक्य पुष्कळांच्या तोंडी ऐकू येते. हा समज कोकणात रुजण्यास काही जुने कारणही असावे. येथे पिढ्यानुपिढ्या खोतीची पद्धत होती. सरकार आणि कूळ ह्यांच्या मध्ये खोत उभा असे. गावचा वसूल सरकारात भरण्याची जोखीम खोताची, आणि कुळाचा संबंध बहुतांशी खोताशीच. कुळाने खोताचे देणे चुकविले की सरकारशी त्याचे प्रत्यक्ष काही उरत नसे. ह्या पद्धतीने कुळांचे जे हाल झाले ते सर्वश्रुत आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढे १९४९ च्या कायद्याने ती पद्धत नष्ट झाली. जमिनीच्या वसुलीतील मधला मनुष्य अशा रीतीने गेला. आयकरात तर तो मुळातच नव्हता. आयकराच्या कायद्याला करदाता आणि सरकार एवढे दोनच पक्ष ठाऊक आहेत. विवरणपत्र भरून देणारा मनुष्य हा खोत नव्हे. तो केवळ लेखनिक किंवा फार तर सल्लागार होय.

हा कायदा तरी कसा आहे ते पाहू गेल्यास त्याचा पाया करदात्याच्या कथनावर रचलेला दिसतो. १८५७ च्या उठावानंतर रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन ह्यांनी १८६० साली हिंदुस्थानात आयकर आणला. पुढे १८८६, १९२२ आणि १९६१ ह्या साली महत्त्वाचे कायदे झाले. २०२५ साली संसदेने नवा आयकर अधिनियम संमत केला असून तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास लागू होतो. त्यापूर्वीच्या वर्षांची विवरणपत्रे १९६१ च्याच कायद्याने पारखली जातात. कायदे बदलले, परंतु एक तत्त्व बदलले नाही. प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याचे उत्पन्न मोजणे सरकारास शक्य नसते. म्हणून प्रथम करदात्याने आपले उत्पन्न आपणच सांगावयाचे, आणि सांगितलेले खरे आहे अशी ग्वाही द्यावयाची.

१९६१ च्या कायद्याचे कलम १३९ विवरणपत्र सादर करण्याचे कर्तव्य करदात्यावर टाकते, आणि कलम १४० ते कोणी प्रमाणित करावयाचे हे सांगते. व्यक्तीच्या बाबतीत ते तिने स्वतःच करावयाचे असते. मनुष्य परदेशी असला, मानसिक दृष्ट्या असमर्थ झाला किंवा तसेच सबळ कारण असले, तर कायद्याने ठरवून दिलेल्या माणसासच त्याच्या वतीने हे करता येते. घरचा कर्ता आखाती देशात नोकरीस असेल तर त्याने रीतसर मुखत्यारपत्र करून द्यावे लागते. शेजाऱ्याने किंवा सल्लागाराने परभारे सही ठोकून देणे कायद्यास मान्य नाही. विवरणपत्राच्या शेवटी एक प्रतिज्ञा असते. आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे दिलेली माहिती बरोबर आणि पूर्ण आहे, असे त्यात करदाता गांभीर्याने सांगत असतो. त्या प्रतिज्ञेत लिहून देणाऱ्याच्या माहितीचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो ज्याचे उत्पन्न आहे त्याच्या माहितीचा.

कागदावर सही करण्याचे दिवस होते तोवर ह्या प्रतिज्ञेचे गांभीर्य थोडेफार जाणवत असे. लेखणी हातात घेतली की मनुष्य क्षणभर तरी वरचा मजकूर वाचतो. आता विवरणपत्र संगणकावरून जाते, आणि सहीची जागा बहुधा आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सहा आकड्यांनी घेतली आहे. त्यास सर्वजण ओटीपी म्हणतात. सल्लागाराचा फोन येतो, ‘आकडे सांगा’. यंत्रापाशी उभा असलेला कामगार अथवा स्वयंपाकघरात असलेली शिक्षिका ते आकडे वाचून दाखविते, आणि काम संपते. परंतु ते सहा आकडे सांगणे म्हणजेच सही करणे होय. कोऱ्या कागदावर सही करून देणाऱ्या माणसास घरातील वडीलधारे मूर्ख म्हणत. न वाचलेल्या विवरणपत्रासाठी आकडे सांगणे हे त्याच प्रकारचे कृत्य असून, सही केल्याची जाणीवही त्यात राहत नाही, एवढाच फरक.

ह्या निष्काळजीपणाचे फळ काय असते ते २०२५ साली दिसून आले. त्या वर्षी १४ जुलै रोजी आयकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. ही तपासणी प्रामुख्याने खोट्या वजावटी आणि सवलती दाखवून विवरणपत्रे भरून देणाऱ्या मध्यस्थांची होती. ज्या राज्यांत त्यापूर्वीच्या छाप्यांत असे पुरावे सापडले त्यांत महाराष्ट्राचेही नाव होते. भरल्याच नसलेल्या घरभाड्याची सवलत, दिल्याच नसलेल्या राजकीय पक्षांच्या देणग्या, घेतलेच नसलेल्या शैक्षणिक कर्जाचे व्याज, काढलाच नसलेल्या आरोग्यविम्याचे हप्ते, असे नाना प्रकार विवरणपत्रांत घुसडलेले आढळले. मोठा परतावा मिळवून देण्याचे आमिष दाखवावयाचे आणि त्यातून दलाली कापून घ्यावयाची, असा हा धंदा होता. त्यात सापडलेले करदाते अडाणी होते असेही नाही. बहुराष्ट्रीय कंपन्या, सरकारी उपक्रम, सरकारी कचेऱ्या आणि शिक्षणसंस्था येथील नोकरवर्ग त्यात होता. त्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने त्याच वेळी सांगितले. ह्या करदात्यांपैकी कितीजणांनी जाणूनबुजून लबाडी केली आणि कितीजणांनी केवळ डोळे झाकून विश्वास टाकला, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. कराची बाकी मात्र दोघांच्याही नावे सारखीच निघते.

ह्याचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने मांडून पाहावा. समजा, जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्या एका नोकरदाराचे सर्व खऱ्या वजावटी जाऊन करपात्र उत्पन्न ७,००,००० रुपये आहे. त्यावरील योग्य तो कर कारखान्याने पगारातून कापून भरला आहे. सल्लागार म्हणतो, ‘परतावा काढून देतो, दहा टक्के माझे.’ तो विवरणपत्रात १,५०,००० रुपयांच्या खोट्या देणग्या दाखवितो. ह्या रकमेवर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरता ३१,२०० रुपये परत मिळतात. त्यांतून ३,१२० रुपये सल्लागार घेतो, आणि २८,०८० रुपये घरात येतात. घरात आनंद होतो. मुलीच्या शिकवणीचे पैसे भागतात. दोनेक वर्षांनी चौकशी होते. देणगीची पावती नाही, कारण देणगीच नाही. उत्पन्नाची अशी चुकीची नोंद केल्यास बुडविलेल्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद १९६१ च्या कायद्याच्या कलम २७०-अ मध्ये आहे. म्हणजे कर ३१,२०० आणि दंड ६२,४०० मिळून ९३,६०० रुपये, आणि व्याज वेगळे. हातात आलेल्या अठ्ठावीस हजारांसाठी लाखाच्या घरातील रक्कम भरावी लागते. जाणूनबुजून कर चुकविणे व प्रमाणित मजकुरात खोटे कथन करणे हे त्या कायद्याने फौजदारी गुन्हेही आहेत. दहा टक्के घेणारा मनुष्य तोवर दुसऱ्या गावी दुसरी पाटी लावून बसलेला असू शकतो.

येथे कोणी असा प्रश्न करील की, सल्लागारावर विश्वास टाकणाऱ्या प्रामाणिक माणसास कायद्यात मुळीच आसरा नाही काय? आहे, परंतु तो कोठवर आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. चुका तीन प्रकारच्या असतात, आणि प्रत्येकीस कायदा निराळ्या दृष्टीने पाहतो.

पहिली चूक म्हणजे मानवी अनवधान. सर्व माहिती खरी दिली, कागद पुरे दिले, आणि तरीही लिहिताना काही चुकले. ह्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा प्राइस वॉटरहाउस कूपर्स प्रकरणातील निकाल बोधप्रद आहे. ही संस्था स्वतःच लेखापरीक्षण व करसल्ल्याच्या व्यवसायातील नामांकित संस्था. तिच्याच विवरणपत्रात, उपदानासाठी केलेली जी तरतूद वजावटीस पात्र नव्हती तिची वजावट घेतली गेली. मात्र विवरणपत्रासोबतच्या लेखापरीक्षण अहवालात ती रक्कम पात्र नसल्याचे स्पष्ट लिहिले होते. काहीही लपविलेले नव्हते. न्यायालयाने ही प्रामाणिक मानवी चूक मानून दंड रद्द केला. तथापि त्या संस्थेस कर आणि व्याज भरावेच लागले, हे विसरता कामा नये. चुकीची क्षमा दंडापुरती असते. मूळ कराची बाकी कोणत्याही सबबीने फिटत नाही.

दुसरी चूक म्हणजे करदात्याचे मौन. लोट्यासारख्या वसाहतीत वर्षाच्या मध्येच एक कारखाना सोडून दुसऱ्यात लागणारे कामगार पुष्कळ असतात. असा मनुष्य बहुधा नव्या कारखान्याचा दाखला तेवढा सल्लागारास देतो, आणि जुन्या पगाराचा उल्लेख करावयास विसरतो. दोन्ही कारखान्यांनी आपापल्या परीने करमुक्त मर्यादा आणि प्रमाणित वजावट धरून कर कापलेला असतो. दोन्ही पगार एकत्र केले की कर कमी पडल्याचे दिसते. मुदतठेवीवरील व्याज, भाड्याने दिलेल्या खोलीचे उत्पन्न, विकलेल्या समभागांचा नफा, ह्यांचीही तीच गोष्ट. जे सांगितले नाही ते सल्लागारास कळणार कसे? अशा कमी दाखविलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के दंडाची तरतूद आहे. मात्र करदात्याचे स्पष्टीकरण प्रामाणिक आहे आणि त्याने सर्व महत्त्वाच्या गोष्टी उघड केल्या आहेत अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दंडातून सुटका होऊ शकते. ‘सर्व उघड केले होते’ हेच येथे ढालीचे काम करते, आणि ती ढाल आधीच हाती असावी लागते.

तिसरी चूक म्हणजे खोटा दावा, ज्याचा हिशेब वर दिलाच आहे. येथे ‘सल्लागाराने केले, मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर फारसे टिकत नाही. कारण आपण देणगी दिली की नाही, आपण भाडे भरतो की स्वतःच्या घरात राहतो, हे समजण्यास कायद्याचे ज्ञान लागत नाही.

हा भेद परदेशातील न्यायालयांनीही असाच केला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ साली बॉइल प्रकरण आले. आईच्या मिळकतीच्या व्यवस्थापकाने वारसाकराचे विवरणपत्र भरण्याचे काम वकिलाकडे सोपविले होते, आणि वकिलाच्या हातून मुदत टळून गेली. न्यायालयाने असे ठरविले की, अमुक गोष्टीवर कर लागतो की नाही अशा कायद्याच्या अवघड प्रश्नावर तज्ज्ञाच्या सल्ल्याने चालणे हे वाजवी आहे. परंतु मुदत असते आणि ती पाळावयाची असते, हे कळण्यास तज्ज्ञ लागत नाही. त्यामुळे दंड कायम राहिला. सल्ल्यावर कोठे विसंबावे आणि कोठे विसंबू नये, ह्याची ह्याहून सोपी कसोटी मिळणे कठीण. कायद्याचा अर्थ सल्लागारास विचारावा. वस्तुस्थिती आणि तारीख ह्यांची जबाबदारी आपल्याकडे ठेवावी.

तारखेच्या संदर्भात आणखी एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो नवा आहे आणि पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पूर्वी खात्याची नोटीस टपालाने घरी येई. पोस्टमन ती हातात देई, आणि वाचता न आली तरी काही तरी आले आहे एवढे तरी घरात कळे. आता खात्याचा पत्रव्यवहार संकेतस्थळावरील खात्यातून व ई-मेलने होतो, आणि पुष्कळशी कर-निर्धारणे करदाता व अधिकारी ह्यांची समोरासमोर गाठ न पडताच पार पडतात. सोयीसाठी म्हणून सल्लागार आपलाच ई-मेल पत्ता नोंदवितो. २०२५ च्या तपासणीत तर असे आढळले की, काही मध्यस्थांनी केवळ विवरणपत्रांचे गठ्ठे पाठविण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडले आणि मागाहून ते टाकून दिले. त्या पत्त्यांवर आलेल्या नोटिसा कोणीच वाचल्या नाहीत. सदोष विवरणपत्र दुरुस्त करण्यास १९६१ च्या कायद्याने १५ दिवस, आणि खात्याने सुचविलेल्या फेरफारास उत्तर देण्यास ३० दिवस दिले आहेत. पत्र पोहोचलेच नाही तर ही मुदत गुपचूप निघून जाते, आणि मग एकतर्फी निर्णय होतो. ज्याच्या विरुद्ध निर्णय झाला त्याला त्याची पहिली वार्ता कधीकधी बँकेतील पैसे गोठल्यावर लागते.

मग खोटे विवरणपत्र भरून देणाऱ्या सल्लागाराचे काहीच होत नाही काय? होते. खोटे कथन करण्यास प्रवृत्त करणाऱ्यावरही १९६१ च्या कायद्याच्या कलम २७८ खाली खटला होऊ शकतो. सल्लागार सनदी लेखापाल असेल तर १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेकडे शिस्तभंगाची तक्रार करता येते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणेही मुखत्याराने योग्य कौशल्याने व दक्षतेने काम केले पाहिजे, आणि त्याच्या हयगयीमुळे मालकाचे प्रत्यक्ष नुकसान झाले तर ते त्याने भरून दिले पाहिजे. परंतु हा करदाता व सल्लागार ह्यांच्यातील वेगळा वाद आहे. तो चालू असेतोवर सरकार आपल्या बाकीसाठी थांबत नाही. शिवाय ‘करसल्लागार’ अशी पाटी लावण्यास एखादी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागतेच असे नाही. तेव्हा ज्याची ना सनद ना संस्था, त्याच्याविरुद्ध दाद मागणे किती कष्टाचे असते ते सांगावयास नको.

चूक लक्षात आली तर ती सुधारण्याचे मार्ग कायद्याने ठेवले आहेत, आणि ते वेळेवर धरण्यात शहाणपण आहे. पहिला मार्ग सुधारित विवरणपत्राचा; तो त्या कर-निर्धारण वर्षातील ठरावीक मुदतीपुरताच खुला असतो. ती टळल्यास २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय झाली आहे. २०२५ पासून ह्याची मुदत कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिने आहे. त्यासाठी कर व व्याज ह्यांच्या एकूण रकमेवर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, ३६ पर्यंत ६० टक्के आणि ४८ पर्यंत ७० टक्के इतका जादा कर भरावा लागतो. वरील उदाहरणातील गृहस्थाने पहिल्या बारा महिन्यांतच हा मार्ग धरला असता, तर ३१,२०० रुपये कर आणि सुमारे ७,८०० रुपये जादा कर, म्हणजे व्याजाखेरीज ३९,००० रुपयांत तो मोकळा झाला असता. ही वाट खात्याची कार्यवाही सुरू होण्यापूर्वीच सुलभ असते. पकडले गेल्यावर दिलेली कबुली ही स्वेच्छेची कबुली नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या मॅक डेटा प्रकरणात स्पष्ट केले आहे.

ह्या सर्व विवेचनावरून सल्लागाराकडे जाऊच नये, असा अर्थ कोणी काढू नये. चांगला सल्लागार हा कुटुंबाचा हितकर्ताच असतो. मात्र त्याच्याकडे जाताना काही नियम पाळावेत. वर्षभरातील प्रत्येक उत्पन्नाची यादी करून ती त्याच्या हाती द्यावी, आणि कर लागतो की नाही हे ठरविण्याचे काम त्याजवर सोडावे. विवरणपत्र पाठविण्यापूर्वी त्याची प्रत मागावी, आणि निदान तीन जागा वाचाव्यात : एकूण उत्पन्न, वजावटींची यादी आणि परताव्याची रक्कम. वजावटीच्या प्रत्येक ओळीपुढे आपल्याजवळ पावती आहे काय, हे पाहावे. नव्या करपद्धतीत ह्यांपैकी बहुतेक वजावटी मुळीच मिळत नाहीत. तेव्हा आपले विवरणपत्र कोणत्या पद्धतीने भरले जात आहे, हेही विचारून घ्यावे. बँका, कंपन्या आणि मालक ह्यांनी आपल्याविषयी काय कळविले आहे ते खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहितीपत्रकात दिसते. त्याच्याशी मेळ घालावा. संकेतस्थळावर ई-मेल आणि भ्रमणध्वनी आपलाच नोंदवावा, आणि परवलीचा शब्द आपल्यापाशी ठेवावा. मेहनताना ठरावीक असावा. परताव्याच्या टक्केवारीवर काम करणाऱ्याचा स्वार्थ आकडा फुगविण्यात असतो. आणि सर्व वाचून झाल्यावरच ते सहा आकडे सांगावेत.

कागदपत्रांच्या प्रतीही आपल्याच घरी, निदान सहासात वर्षे, जपून ठेवाव्यात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा दुकानांतील मालाबरोबर दप्तरेही पाण्यात गेली. आपल्या पावत्या केवळ दुसऱ्याच्या कपाटात ठेवणे किती जोखमीचे आहे, हे त्या परिसरातील लोकांस निराळे सांगण्याची गरज नाही.

ज्या घरात भाजीच्या पैशांचाही हिशेब लिहिला जातो, त्या घरात वर्षातून एकदा विवरणपत्राची चार पाने वाचण्यास अर्धा तास काढणे अशक्य नाही. पती-पत्नीने एकत्र बसून ती वाचावीत. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर तिलाही जवळ बसवावे. एखादी ओळ समजली नाही तर सल्लागारास विचारावी. प्रामाणिक सल्लागारास अशा प्रश्नाचा राग येत नाही, उलट काम सोपे झाल्याचे समाधानच वाटते. आणि प्रश्न विचारताच जो चिडतो किंवा ‘तुम्हांला काय करायचे आहे?’ असे म्हणतो, त्याच्याकडून आपले कागद त्याच दिवशी परत मागून घ्यावेत.